ताटातून काय कमी झालं?

गोव्यातल्या दर चार प्रौढांमागे एकाला मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा सगळ्या राज्यांत गोव्याचा आकडा सर्वांत मोठा निघाला, २६.४ टक्के. देशाचा होता ११.४. फोंड्यात आमची फार्मसी आहे, त्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. आमच्या फ्रिजचे कप्पे इन्सुलिनच्या वायल्सनी आणि पेनच्या कार्ट्रिजनी भरलेले असतात, आणि पावसाळ्यात वीज गेली की माझा जीव आधी त्या फ्रिजपाशी अडकतो.

त्यातलं जवळजवळ सगळं इन्सुलिन जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं आहे. माणसाच्या इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालायचं, मोठाल्या टाक्यांत त्यांना वाढवायचं, आणि त्यांनी बनवलेलं इन्सुलिन वेगळं काढून शुद्ध करायचं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांना हे १९७८ मध्ये जमलं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जनुकबदलातून आलेलं माणसासाठीचं पहिलं औषध ते हेच.

काउंटरवर अधूनमधून कुणीतरी विचारतं, "ते जीएम की काय म्हणतात, ते खाल्लं की कॅन्सर होतो म्हणे. खरं का?" जीएम म्हणजे जनुक बदललेलं, आणि विचारणाऱ्याच्या हातात कधीकधी इन्सुलिनचीच पिशवी असते. आपल्या पोटात काय जातंय याची माणसाला काळजी असावी, त्याने शंका विचारावी, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून मी वाद घालत नाही. सांगायला लागते ती मात्र त्या पिशवीपासूनच.

माझ्या वडिलांच्या आत्याला इन्सुलिन चालू होतं ते जुन्या काळात. काचेची सिरिंज, जाड सुई, दोन्ही रोज सकाळी पातेल्यात उकळून घ्यायचे. तिच्या दोन्ही मांड्यांवर खळगे पडलेले होते, बोट ठेवलं तर आत जाईल इतके खोल. त्या वेळचं इन्सुलिन गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, गाईचं तिनांनी. तेवढा फरक आणि त्यात राहिलेली अशुद्धी शरीराला खुपायची. टोचल्या जागची चरबी झडून असे खळगे पडायचे. पाव किलो इन्सुलिन मिळवायला कत्तलखान्यातून दोन टनांहून जास्त अवयव गोळा करावे लागत. आतेआजी सोमवार पाळायची, मंगेशीला गेल्याशिवाय त्या दिवशी पाणीही घ्यायची नाही. ते औषध कशातून येतं हे तिला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि घरच्यांनी विचारलं नव्हतं. ते बरोबर होतं की चूक, मला ठरवता येत नाही. ते इन्सुलिन नसतं तर ती मला दिसलीच नसती, एवढं खरं.

आज आमच्याकडून इन्सुलिन नेणाऱ्या बायकांच्या मांड्यांवर तसे खळगे क्वचितच दिसतात.

औषधांच्या धंद्यात अशा आणखी गोष्टी आहेत, ज्या बाहेर फारशा कुणाला माहीत नसतात. वाढ खुंटलेल्या मुलांना देण्याचं संप्रेरक पूर्वी मृतदेहांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा एक असाध्य आजार जडला, म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेत ते थांबवलं गेलं, आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं संप्रेरक आलं. रक्त न गोठणाऱ्या हिमोफिलियाच्या रुग्णांना जे फॅक्टर आठ द्यावं लागतं, ते हजारो लोकांचं रक्तद्रव एकत्र करून बनवत. ऐंशीच्या दशकात त्या बाटल्यांतून एचआयव्ही पसरला आणि जगभर हजारो रुग्णांना लागण झाली. जनुकबदल केलेल्या पेशींनी बनवलेलं फॅक्टर आठ १९९२ मध्ये आलं. त्यासाठी हजारो लोकांचं रक्तद्रव एकत्र करावं लागत नाही. हिपॅटायटिस बीची पहिली लसही बाधित माणसांच्या रक्तापासून बनायची. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली, आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती भारतात बनवून परदेशी लसीच्या मानानं खूपच स्वस्तात विकायला सुरुवात केली. आज आपली बाळं जन्मल्यावर पहिल्या दिवशी जी लस घेतात, ती ही.

या सगळ्यांत मला दिसतो तो फायदा एकच आहे, आणि तो वजाबाकीचा आहे. रोग्याच्या अंगात जाऊ शकणारं काहीतरी घातक त्यातून वजा झालं. अन्नाकडे मी याच नजरेनं बघते. जनुक बदललेल्या पिकामुळे माझ्या ताटातून, शेतकऱ्याच्या अंगावरून, कोठारातल्या पोत्यातून काय कमी झालं? काही कमी झालं असेल तर माझं त्याच्याशी भांडण नाही. उलट काही वाढलं असेल तर मी हजार प्रश्न विचारणार. आणि इन्सुलिनची गोष्ट जशीच्या तशी वांग्याला लावता येत नाही, हेही मला कळतं. इन्सुलिन शुद्ध करून घेतात, त्यात तो जिवाणू शिल्लक राहत नाही. वांगं आपण अख्खं खातो. म्हणून वांग्याचंच बोलू.

माझा मामा मडकईचा. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या, कडेला त्याचा मळा आहे. पावसाळी भात कापून झालं की तिथे वांगी, मिरची, तांबडी भाजी लागते. वांगी मोठी, चकचकीत, कापं करायला आणि भरताला उत्तम. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी हा वांग्याचा कायमचा शत्रू. तिचा पतंग पानावर अंडी घालतो, अळी बाहेर आली की काही तासांत कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि आपल्यामागे भोक विष्ठेनं बुजवून टाकते. एकदा ती आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकऱ्याला ती आत शिरण्याआधीच तिला गाठावं लागतं, आणि पतंग काही विचारून येत नाहीत. म्हणजे फवारा मारतच राहायचा. मामी वांगं चिरायला घेते तेव्हा आधी देठाजवळ फिरवून बघते. बाहेरून टिकलीएवढा डाग, आणि आत चिरलं की अर्धं वांगं काळं. ते अर्धं कोंबड्यांना.

मामाचा पाठीवरचा पंप मी लहानपणापासून बघते आहे. औषध मोजायला बाटलीचं टोपण. तोंडाला पंचा. हातमोजे मी आणून दिले होते, ते त्यानं दोन दिवस घातले आणि खुंटीला लावले, कारण घामानं हात आत बुळबुळतात आणि पंपाचा दांडा सुटतो. फवारून आला की सदरा फणसाच्या झाडाला टांगतो, घरात आणत नाही. मामी तो वेगळ्या बादलीत धुते. त्या सदऱ्याचा वास मला दुकानातल्या कुठल्याही औषधाहून आधी ओळखू येतो.

एकदा तो फोंड्याला दुकानात आला तो डोळे चोळत. डोकं दुखतंय, तोंडाला पाणी सुटतंय, एखादी गोळी दे म्हणाला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या आकसलेल्या, कपाळावर घाम. मी गोळी दिली नाही. रिक्षा करून सरळ इस्पितळात नेलं. फवारणीची बरीच औषधं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराला अडवतात. मग नसांमधून निघालेला निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, डोळ्यांत पाणी, छातीत दाटणं, आणि जास्त गेलं तर श्वास बंद. डॉक्टरांनी अट्रोपिन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "बाय, वांग्यांना औषध नको म्हणतेस तू. अळीनं भोकसलेलं वांगं तूच घेशील बाजारात?" त्याचं म्हणणं खरं होतं. मीही बाजारात वांगं फिरवूनच घेते.

हीच अळी ज्याला भोकसू शकत नाही असं वांगं भारतात तयार झालं होतं. जालन्याच्या महिको कंपनीनं ते केलं. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं एक जनुक त्यात घातलेलं. त्यावरूनच बीटी हे नाव. त्या जनुकामुळे झाड एक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्यात अल्कली असतं, तिथे ते विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाच्या जठरात आम्ल असतं, तिथे हे प्रथिन इतर प्रथिनांसारखं पचून जातं, आणि त्याला चिकटायची ती जागा आपल्या आतड्यात नाहीच. हाच जिवाणू पावडर करून सेंद्रिय शेती करणारेही कित्येक वर्षं फवारत आले आहेत. मामाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिला प्रश्न केला, "मग हे मिळतं कुठे?"

मिळत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपुरात होती. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी त्या वांग्यावर स्थगिती आणली. स्वतंत्र आणि दीर्घ मुदतीच्या चाचण्या झाल्या पाहिजेत, लोकांचा विश्वास बसला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. चाचण्या मागणं मला तेव्हाही पटलं होतं. नंतरच्या इतक्या वर्षांत त्या चाचण्या पुऱ्या करून निर्णय का लागला नाही, हे मात्र मला पटत नाही. स्थगिती म्हणजे थांबून तपासणं. आपण नुसते थांबलो.

शेजारच्या बांगलादेशानं तेच जनुक घेतलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी, जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपं. पुढे तिथे शेतकऱ्यांच्या गावांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून मोठी चाचणी झाली, आपण औषधाची चाचणी घेतो तशी. काही गावांत बीटी वांगी, काही गावांत नेहमीची. बीटी लावणाऱ्यांचं उत्पादन हेक्टरी ५१ टक्क्यांनी वाढलं, कीटकनाशकांचा खर्च ३७.५ टक्क्यांनी उतरला. पण मला त्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तिसराच वाटतो. ज्या शेतकऱ्यांना आधीपासून विषबाधेसारखे जुने त्रास होते, त्यांच्यात बीटी लावणाऱ्यांनी लक्षणं सांगण्याचं प्रमाण ११.५ टक्क्यांनी कमी भरलं, आणि त्या लक्षणांवर खिशातून पैसे खर्चायची पाळीही कमी आली. जीएमचा आरोग्याला फायदा काय, असं विचारताना आपण नेहमी खाणाऱ्याचाच विचार करतो. पिकवणाऱ्याच्याही अंगात रक्त आहे, आणि विष आधी त्याच्याकडे पोचतं.

फवारा पूर्ण थांबत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बीटीचं प्रथिन अळीला मारतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना त्याचं काही नाही. आणि अळ्याही शिकतात. कापसाचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, फवारण्या खरोखर घटल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की त्यामुळे देशात दर वर्षी किमान २४ लाख विषबाधा टळत होत्या. मग गुलाबी बोंडअळीनं त्या प्रथिनाला दाद देणं सोडलं, पंप पुन्हा पाठीवर चढले, आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेताच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी ठेवा म्हणजे अळ्या लवकर निबर होणार नाहीत, असं पहिल्यापासून सांगितलं होतं. फार थोड्यांनी ते केलं, आणि करून घ्यायला कुणी शेतावर गेलं नाही. जनुकानं मिळवून दिलेला फायदा आपण निष्काळजीपणानं घालवू शकतो, हे यवतमाळनं दाखवलं. मला त्या बातम्या वाचताना फणसाला टांगलेला सदरा दिसायचा.

आपण गोंयकार अन्नातल्या विषाबद्दल बेफिकीर आहोत असं कुणी म्हणू नये. जुलै २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली, आणि ज्या घरांत नुस्त्याशिवाय जेवण होत नाही त्या घरांत लोक डाळ-भातावर राहिले. सरकारला काही दिवस मासळीची आयात बंद करावी लागली. तेवढी चौकशी भाजीची झालेली मी बघितलेली नाही. आपली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. ट्रकमधल्या त्या वांग्यांवर किती फवारे झाले, शेवटचा फवारा तोडणीच्या किती दिवस आधी झाला, हे आपण विचारत नाही.

दुसरी वजाबाकी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात शेंगदाणे, खोबरं, सुकी मिरची यांना बुरशी धरणं नवं नाही. आई शेंगदाण्याचा दाणा न् दाणा बोटांनी चाचपून बघते, हिरवट दिसला की बाजूला. तिच्या या सवयीमागे मोठं शास्त्र आहे. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताचा कॅन्सर करतं, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला त्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. १९७४ मध्ये गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन मेली. गरिबांनी पावसात भिजलेला मका टाकून द्यायचा तर खायचं काय?

आता मक्याच्या कणसात अळी शिरते तिथल्या जखमेतून बुरशीही आत जाते. अळी नाही तर जखम नाही, आणि जखम नाही तर बुरशीला वाट कमी. जीएम मक्यावरच्या २१ वर्षांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास इटलीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. त्यात जीएम मक्यात बुरशीची विषं सरासरी २८.८ टक्क्यांनी कमी आढळली. हे ध्येय ठेवून कुणी तो मका बनवला नव्हता. किडीसाठी केलेल्या कामातून बुरशीचं विषही घटलं. मला विचाराल तर जनुकबदलाचा सर्वांत भक्कम आरोग्यलाभ हाच आहे, आणि त्यावर एकही जाहिरात मी पाहिलेली नाही.

याच मापानं मोजलं तर काही जीएम पिकं माझ्या परीक्षेत नापास होतात. तणनाशक सहन करणारी पिकं घ्या. पिकाला जनुक अशासाठी दिलेलं असतं की शेतभर तणनाशक मारलं तरी पीक मरू नये. इथे वजा काही होत नाही, बाटली वाढते. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांना ते मान्य नाही. वाद मिटेपर्यंत मी तरी त्याची बाजू घेणार नाही. आपल्याकडच्या जीएम मोहरीचा तंटाही बराचसा यावरच आहे; तिच्यात तणनाशक सहन करण्याचं जनुक आहे, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंही तिच्याबद्दल एकमत झालं नाही. एकच तंत्र, पण एका पिकात ते पंप उतरवतं आणि दुसऱ्यात चढवतं. म्हणून "जीएम चांगलं की वाईट" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. "औषध चांगलं की वाईट" असं कुणी काउंटरवर विचारलं तर मी काय सांगणार? कुठलं, कुणासाठी, किती, हे कळल्याशिवाय मी पट्टी कापून देत नाही.

खाणाऱ्याला धोका किती, हा प्रश्न टाळायचा नाही. जनुकाबरोबर ॲलर्जी येऊ शकते, आणि आलीही होती. सोयाबीनचं प्रथिन सुधारायला ब्राझील नट या सुक्या मेव्याचं जनुक घातलं, तर त्या नटची ॲलर्जी सोयाबीनमध्ये उतरली. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ते सोयाबीन बाजारात येण्याआधीच सोडून दिलं. ऑस्ट्रेलियात भुंगेरे लागू नयेत म्हणून केलेल्या वाटाण्यानं उंदरांच्या फुफ्फुसांत दाह झाला. २००५ मध्ये तोही बंद केला. या दोन्ही गोष्टी मी लोकांना आवर्जून सांगते. तपासणी झाली म्हणून त्या पकडल्या गेल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये नऊशेहून अधिक अभ्यास चाळले आणि बाजारात असलेली जीएम पिकं खाल्ल्यानं इतर अन्नापेक्षा जास्त अपाय झाल्याचा पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष तपासून बाजारात आलेल्या पिकांबद्दल आहे. उद्या येणारं प्रत्येक पीक पुन्हा पहिल्यापासून तपासलं पाहिजे, कंपनीनं दिलेल्या कागदांवर न थांबता.

आणि बेरजेचं काय, असं कुणी म्हणेल. सोनेरी तांदळाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर यांनी २००० मध्ये तांदळाच्या दाण्यात बीटा कॅरोटिन आणून दाखवलं, शरीर त्याचं अ जीवनसत्त्व करतं. अ जीवनसत्त्व न मिळाल्यानं जगात दर वर्षी अडीच ते पाच लाख मुलं आंधळी होतात, आणि त्यातली निम्मी वर्षभरात मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. फिलिपाइन्सनं २०२१ मध्ये तो तांदूळ लावायला परवानगी दिली. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती रद्द केली. मडकईच्या मळ्यात तांबडी भाजी आहे, दारात पपई आहे, वर्षभर नुस्ते आहे. माझ्या भाचरांना सोनेरी तांदळाची गरज नाही. पण ज्या मुलाच्या ताटात भात आणि मीठ याखेरीज काही येतच नाही, त्याच्या आईला "तांबडी भाजी खा" म्हणणं मला जमणार नाही. तिनं तो तांदूळ शिजवावा.

आमचं दुखणं वेगळं आहे. आम्ही भात खाणारी माणसं आणि आमच्यात साखर सर्वांत जास्त. पूर्वजांनी यावर आपल्या परीनं उपाय केले होते. भात टरफलासकट उकडून मग वाळवून कांडला की कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात. उकड्या तांदळाची पेज हा आमच्याकडे सकाळचा आधार. आता पेज गेली, पांढराशुभ्र पॉलिश तांदूळ आला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये सांबा मसुरीच्या संकरातून, ज्याचा भात रक्तात साखर फार हळू सोडतो आणि ज्यात प्रथिन जास्त आहे, असा तांदूळ दाखवला. त्यामागचं जनुकही त्यांनी हुडकलं, म्हणजे जनुक-संपादनानं, बाहेरचं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात नेमका बदल करून, तोच गुण दुसऱ्या वाणात आणता येण्याची वाट मोकळी झाली. मे २०२५ मध्ये भारत सरकारनं जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली, त्यातलं एक क्षारपड जमीन सोसणारं. खारं पाणी सोसणारी जात म्हटली की गोव्यात लगेच कोरगुट आठवतो. बांध फुटून खाजनात खारं पाणी शिरलं तरी तग धरणारं आमचं देशी भात. मंद साखरेचा गुण कोरगुटात किंवा आमच्या रोजच्या उकड्यात आला तर? त्याची वाट मी मनापासून बघते आहे. गोळ्यांच्या पट्ट्या विकणारी असूनही.

मामाचा दुसरा प्रश्न बियाण्याचा होता. "दर वर्षी पुडी विकत घ्यायची असेल तर नको. माझं बी मी राखतो." बांगलादेशातली बीटी वांगी सरकारी कृषी संशोधन संस्थेनं आपल्या देशी वाणांत तयार केलेली आहेत, आणि शेतकरी त्यांचं बी राखून पुढच्या वर्षी लावू शकतो. आपल्याकडे धारवाडच्या आणि कोईमतूरच्या कृषी विद्यापीठांनीही स्थानिक वांग्यांत ते जनुक आणलं होतं. धारवाड म्हणजे आमच्या घाटापलीकडे. पुढे, स्थानिक वाण वापरताना जैवविविधता कायद्याखालची परवानगी घेतली होती का, यावरून खटला उभा राहिला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते वांगं जपलं त्यांना विचारायला हवं होतंच. आगशीच्या किंवा ताळगावच्या वांग्यात कुणी जनुक घालणार असेल, तर त्या गावांतल्या बागायतदारांशी आधी बोलावं लागेल आणि बी त्यांच्या हातात राहील असं कागदावर लिहून द्यावं लागेल. याला माझ्या लेखी तडजोड नाही.

जुन्या गोव्याला एलामध्ये केंद्र सरकारची कृषी संशोधन संस्था आहे. खाऱ्या जमिनीत येणारी भाताची वाणं तिनं गोव्याला दिली आहेत. कायदेशीर परवानगी घेऊन, चारी बाजूंनी बंदोबस्त करून, अशा सरकारी संस्थेच्या शेतात बीटी वांग्याची उघड चाचणी व्हावी आणि तिचे सगळे आकडे लोकांना बघायला मिळावेत, असं मला वाटतं. फवाऱ्यांची नोंदवही ठेवा. तोडणीच्या दिवशी वांग्यावर किती औषध उरलं ते मोजा. कडेला साध्या वांग्यांच्या ओळी ठेवा आणि त्या खरंच आहेत का ते बघायला माणूस पाठवा. आणि वांग्यांबरोबर फवारणाऱ्यांचंही रक्त तपासा, हंगामाआधी आणि हंगाम संपल्यावर. कोलिनेस्टरेजची तपासणी साधी आहे, एका सुईचं काम. मामाला मी विचारून ठेवलं आहे. शेजारच्या दोघांना घेऊन येतो म्हणाला.